'निष्ठा ६० टक्के' : चालू कार्यक्रमाचे मूल्यमापन करून घेतल्यावर

पालघर जिल्ह्याच्या डोंगरी भागातील पाड्यांवर आमची लहानशी संस्था तीव्र कुपोषित बालकांसाठी एक पोषण कार्यक्रम चालवते. कार्यक्रम दोन वर्षांचा आहे. तो सुरू होऊन चौथा महिना लागला तेव्हा आम्ही पुण्यातील एका मूल्यमापन संस्थेची सेवा घेतली. तिचे नाव येथे देत नाही, कारण तिच्या कामातील काही भागाबद्दल आमची तक्रार आहे, काही भागाबद्दल मनापासून आदर आहे आणि दुसऱ्या फेरीची बोलणी अजून चालू आहेत. हा मजकूर अशी सेवा घेऊ पाहणाऱ्या इतर संस्थांसाठी आहे. मूल्यमापनावर पैसे खर्च करावेत की तेवढ्या पैशात आणखी दोन पाडे घ्यावेत, हा प्रश्न आमच्याप्रमाणे त्यांच्याही बैठकीत येत असणारच.

आम्ही मागितलेले काम नेहमीच्या मूल्यमापनापेक्षा वेगळे होते. किती मुलांचे वजन वाढले, हा प्रश्न आम्ही त्यांना विचारला नव्हता. जे करायचे ठरले होते ते प्रत्यक्षात घडते आहे का, ज्या मुलांसाठी ते आहे त्यांच्यापर्यंत ते पोहोचते आहे का, आणि जिथे घडत नाही तिथे नेमके कुठे अडते, एवढेच आम्हाला जाणून घ्यायचे होते. या क्षेत्रातील मंडळी याला प्रक्रिया मूल्यमापन म्हणतात. ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलने २०१५ साली प्रसिद्ध केलेली याविषयीची मार्गदर्शिका अंमलबजावणी, परिणाम घडण्याची यंत्रणा आणि भोवतालची परिस्थिती या तीन गोष्टी एकत्र पाहायला सांगते. आमच्या पुण्याच्या संस्थेनेही आपला प्रस्ताव त्याच चौकटीत मांडला होता.

हे सुचण्यामागे आमची एक जुनी ठेच आहे. याआधीचा आमचा कार्यक्रम तीन वर्षे चालला. शेवटी देणगीदारांच्या आग्रहावरून त्याचे मूल्यमापन झाले आणि मुलांच्या वाढीत फारसा फरक पडला नाही, असा निष्कर्ष निघाला. तो खोटा नव्हता, पण त्याचे करायचे काय, हे कोणालाच सांगता येईना. आमची कल्पनाच चुकीची होती, की कल्पना बरोबर असून ती पाड्यापर्यंत गेलीच नव्हती? तीन वर्षांनी याचा छडा लागणे अशक्य होते, कारण तोवर कार्यकर्त्या बदलल्या होत्या, वह्या पावसात भिजल्या होत्या आणि ज्या मुलांची मापे घेतली ती शाळेत जाऊ लागली होती. वरातीमागून घोडे आणल्यावर त्यावर कोणी बसत नाही.

देणगीदारांनाही सगळा दोष देता येत नाही, कारण नियमाची रचनाच शेवटाकडे झुकलेली आहे. कंपन्यांच्या सामाजिक उत्तरदायित्वाच्या (सीएसआर) नियमांत जानेवारी २०२१ मध्ये दुरुस्ती झाली. ज्या कंपन्यांचे या कामाचे सरासरी दायित्व, म्हणजे कायद्याने करावा लागणारा खर्च, मागील तीन वर्षांत १० कोटी रुपये किंवा अधिक आहे, त्यांनी १ कोटी किंवा त्याहून मोठ्या प्रकल्पांचे परिणाम मूल्यमापन स्वतंत्र संस्थेकडून करून घेणे तेव्हापासून बंधनकारक आहे, आणि तेही प्रकल्प पूर्ण होऊन किमान एक वर्ष उलटल्यावर. म्हणजे काम संपल्यानंतर वर्षभराने त्याची परीक्षा कायद्याने होते, पण काम चालू असताना ते पाहण्याची सक्ती कोणावर नाही. मोठ्या मूल्यमापन संस्थांनी आपली दुकाने साहजिकच जिथे गिऱ्हाईक आहे तिथे मांडली आहेत, त्यामुळे चालू कामाचे मूल्यमापन करून देणारे शोधायला आम्हाला दोन महिने लागले.

आपल्या देशात ही कल्पना नवी मात्र नाही. २ ऑक्टोबर १९५२ रोजी समुदाय विकास कार्यक्रम सुरू झाला आणि त्याच महिन्यात नियोजन आयोगाने कार्यक्रम मूल्यमापन संघटना उभी केली. कार्यक्रम आणि त्याच्यावरची नजर एकाच महिन्यात जन्माला आली, असे फार क्वचित घडते. त्या संघटनेची धुरा सुरुवातीच्या काळात पुण्याचे अर्थतज्ज्ञ द. गो. कर्वे यांच्याकडे होती, ही गोष्ट मराठी माणसाने विसरू नये अशी आहे.

आता प्रत्यक्ष सेवेकडे येतो. करारानंतरच्या पहिल्याच बैठकीत त्या संस्थेच्या दोन संशोधकांनी आम्हा पाच जणांना वेगवेगळे बसवले आणि कार्यक्रमाचा मार्ग कागदावर काढायला सांगितला. मूल शोधले जाते तिथपासून ते बरे होऊन यादीतून बाहेर पडते तिथपर्यंत कोण, कुठे, किती वेळा, काय करते, हे प्रत्येकाने आपापल्या मनाने लिहायचे होते. पाच कागदांवर पाच कार्यक्रम निघाले. आमच्या गावसखीने, म्हणजे मानधनावर घरभेटी करणाऱ्या पाड्यातल्याच बाईने, घरी जाऊन करायची 'भेट' म्हणजे काय, यावरच आमचे एकमत नव्हते. एकाच्या मते दारात उभे राहून विचारपूस केली तरी ती भेट होती, दुसऱ्याच्या मते मुलाला आपल्या डोळ्यांदेखत एकदा भरवल्याशिवाय भेट पूर्ण होत नव्हती, आणि प्रशिक्षणात या दोन्ही गोष्टी सांगितल्या गेल्या होत्या. अजून एकही पाडा पाहिलेला नसताना आम्हाला अर्ध्या फीचा मोबदला मिळाला, असे मी त्या दिवशी संध्याकाळी सहकाऱ्यांना म्हटले होते आणि आजही तेच म्हणेन.

आमच्या कामाखाली ४२ अंगणवाड्या येतात. त्यांतील १२ पाहायचे ठरले. शितावरून भाताची परीक्षा होते हे खरे, पण शीत पातेल्याच्या कोणत्या भागातले घेतले यावर बरेच अवलंबून असते. आमच्या बाजूने सुचवलेल्या अंगणवाड्या बहुतेक डांबरी रस्त्यालगतच्या होत्या. मुद्दाम तसे केले नव्हते, पण ज्या आमच्या ओळखीच्या त्याच आमच्या तोंडी आल्या. त्या संस्थेने ही यादी नम्रपणे बाजूला ठेवली आणि रस्त्यालगतच्या, पायवाटेवरच्या आणि मिनी अंगणवाड्या असे तीन गट करून प्रत्येकातून चिठ्ठी टाकून निवड केली. आदिवासी आणि डोंगराळ भागात साधारण ३०० ते ८०० लोकवस्तीला एक अंगणवाडी आणि १५० ते ३०० वस्तीला मिनी अंगणवाडी, असा निकष आहे. मिनी अंगणवाडी मुळात सेविका एकटीनेच चालवायची, तिच्या हाताखाली मदतनीस नाही, अशी बेताची व्यवस्था होती. हा तपशील पुढे फार महत्त्वाचा ठरला.

पाहणीसाठी त्यांनी जुलै-ऑगस्ट निवडला याबद्दल त्यांचे विशेष कौतुक केले पाहिजे. या भागात आवणीच्या दिवसांत आई पहाटेपासून शेतात असते, घरातली नागली-वरई संपत आलेली असते, ओहोळ भरले की पाड्याचा संपर्क तुटतो आणि मुले सर्वाधिक आजारी पडतात. १९९२ साली जव्हार तालुक्यातील वावर-वांगणीच्या कुपोषणाने झालेल्या बालमृत्यूंनी महाराष्ट्राला हादरा दिला, तेव्हापासून या पट्ट्यातला पावसाळा म्हणजे काय हे सरकारी यंत्रणेलाही ठाऊक आहे. तरीही बहुतेक पाहुणे डिसेंबरात येतात, कारण तेव्हा रस्ते चांगले असतात आणि हवा छान असते.

पहिला दिवस मात्र त्यांनी वाया घालवला. पुण्याहून पांढरी मोठी गाडी घेऊन ते थेट पाड्यावर आले आणि तासाभरात 'तपासणी आली' ही बातमी फोनवरून पुढच्या सगळ्या अंगणवाड्यांत पोहोचली. त्या दिवशी पाहिलेल्या दोन्ही ठिकाणी वह्या चकचकीत, मुले आंघोळ केलेली आणि सेविका इतकी सावध होती की प्रश्न विचारण्यापूर्वीच उत्तर मिळत होते. संध्याकाळी त्यांच्या पथकप्रमुखांनीच हे कबूल केले, त्या दोन अंगणवाड्या यादीच्या शेवटी पुन्हा घेतल्या आणि दुसऱ्या दिवसापासून पथक एसटीने आणि वडापच्या जीपने फिरू लागले. त्यांनी जव्हारच्या महाविद्यालयात शिकणाऱ्या दोन मुली मदतीला घेतल्या होत्या. वारली बोलणाऱ्या त्या दोघींशी बाया जे बोलल्या, ते आमच्याशी चार महिन्यांत बोलल्या नव्हत्या.

त्यांच्या निरीक्षणांपैकी मापनाविषयीचे निरीक्षण मला तांत्रिकदृष्ट्या सर्वांत पक्के वाटले. मूल तीव्र कुपोषित आहे हे ठरवण्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेच्या २००६ च्या मानकांनुसार उंचीच्या मानाने वजन उणे ३ प्रमाण विचलनापेक्षा कमी, म्हणजे तेवढ्या उंचीच्या निरोगी मुलांच्या मध्यक (मधल्या) वजनाच्या खूपच खाली, आहे का हे पाहतात, किंवा दंडाचा घेर ११.५ सेंटीमीटरपेक्षा कमी आहे का हे मोजतात. दोन वर्षांखालच्या मुलाची लांबी आडवे झोपवून घ्यायची असते. उभे करून घेतली तर ती साधारण ०.७ सेंटीमीटरने कमी भरते, मूल आहे त्यापेक्षा बुटके ठरते, साहजिकच त्याच्याकडून अपेक्षित वजनही कमी धरले जाते आणि खरोखर खंगलेले मूल कागदावर बऱ्यापैकी दिसते. ७० सेंटीमीटरच्या आसपासच्या मुलग्याच्या मध्यक वजनात एका सेंटीमीटरला सुमारे २०० ग्रॅमचा फरक पडतो, यावरून या चुकीची किंमत कळावी. त्यांनी आमच्या वह्यांतील वजनांचे शेवटचे आकडे मांडून दाखवले, तेव्हा बहुतेक वजने पूर्ण किलोवर किंवा अर्ध्या किलोवर येऊन थांबत होती. निसर्गात मुले अशी अर्ध्या-अर्ध्या किलोने वाढत नाहीत.

इथवर कोणीही हुशार तपासनीस पोहोचला असता आणि 'सेविकांचे मापन सदोष, पुनर्प्रशिक्षण आवश्यक' असे लिहून मोकळा झाला असता. या मंडळींनी कारण शोधले. झोपवून लांबी मोजायच्या फळीला दोन माणसे लागतात, एकाने डोके टेकवून धरायचे आणि दुसऱ्याने गुडघे दाबून सरकपट्टी पावलांना लावायची. एकट्या सेविकेला हे जमणारच नाही, म्हणून ती मुलाला भिंतीशी उभे करते. टांगत्या काट्यावर मूल रडत हातपाय झाडते, काटा स्थिर होत नाही, खोलीत उजेड नसतो आणि बाहेर दहा जणी खोळंबलेल्या असतात, म्हणून ती जवळचा ठळक आकडा धरते. त्यांची सूचना चार ओळींची होती: ज्या ठिकाणी सेविका एकटी आहे तिथे मापनाचा दिवस आणि आमच्या गावसखीच्या भेटीचा दिवस एकच ठेवावा, आणि वजन ओसरीवर उजेडात घ्यावे. यासाठी आम्हाला एक रुपयाही जादा लागला नाही.

घरात जाऊन पाहण्याची त्यांची पद्धतही सांगण्यासारखी आहे. आमच्या आराखड्याप्रमाणे मुलाला अंगणवाडीत तीन वेळा आणि घरी दोन वेळा पूरक आहार मिळायचा. 'घरी भरवता का?' असे विचारले की सगळ्या आया 'हो' म्हणतात, हे आम्हालाही माहीत होते. पथकातील एकेक जण सकाळी सातपासून दुपारपर्यंत एकेका घरात नुसता बसला. त्यांना असे दिसले की आई आवणीला गेल्यावर मूल आजीकडे असते, आजीला पाकिटातला खाऊ म्हणजे औषध आहे हे कोणी सांगितलेलेच नव्हते, आणि घरात तीन नातवंडे असताना एकालाच खाऊ देणे तिला अन्यायाचे वाटत होते. ती तिघांनाही सारखा वाटून देत होती. यात तिची काय चूक? प्रशिक्षणासाठी आम्ही बोलावले होते आयांना, आणि भरवत होत्या आज्या.

पण ज्या निष्कर्षाने आमची झोप उडाली तो सेविकांबद्दल नव्हता, आज्यांबद्दलही नव्हता. तो आमच्या कार्यालयाबद्दल होता. तीव्र कुपोषित मुलाच्या घरी आठवड्यातून किमान एकदा गावसखीने जावे, हा कार्यक्रमाचा कणा आहे. आमच्या मासिक तक्त्यात भेटींचे प्रमाण उत्तम दिसत होते आणि तेच तक्ते आम्ही अभिमानाने देणगीदारांना पाठवत होतो. त्या संस्थेने भेटींची एकूण संख्या बाजूला ठेवून प्रत्येक भेटीची तारीख घेतली आणि महिन्याच्या पट्टीवर ठिपके मांडले. ठिपक्यांचा सगळा पुंजका २२ तारखेनंतर होता. पहिले तीन आठवडे पट्टी जवळपास कोरी होती. भेटी खोट्या नव्हत्या, घरच्यांनीही त्या झाल्याचे सांगितले, पण चारही भेटी एकाच आठवड्यात उरकलेल्या होत्या.

असे का व्हावे? आमचा फॉर्म 'या महिन्यात किती भेटी झाल्या?' असे विचारत होता, तो २८ तारखेपर्यंत जमा करायचा होता आणि मानधन त्यावर निघत होते. गावसखी ही पाड्यातलीच बाई आहे, तिचीही आवणी असते, तिचीही मुले असतात. आम्ही महिन्याचा हिशेब मागितला, तिने महिन्याचा हिशेब दिला. १ तारखेला सापडलेले मूल २२ पर्यंत एकटे राहिले, तर ते तीन आठवडे तक्त्यात कुठेही दिसणार नव्हते. या एका आलेखानंतर आम्ही फॉर्म बदलला. आता दर सोमवारी फोनवर फक्त दोन प्रश्न विचारले जातात: गेल्या सात दिवसांत कोणत्या मुलाकडे गेलात, आणि कोणाकडे जाता आले नाही. मानधनाचा भेटींच्या आकड्याशी असलेला संबंध आम्ही तोडला. दुसऱ्या प्रश्नाला आता खरी उत्तरे येतात. 'ओहोळाला पाणी होते', 'घरचे लग्नाला गेले', 'माझ्याच पोराला ताप होता'. आधीच्या फॉर्ममध्ये ही उत्तरे लिहायला जागाच नव्हती.

येथे एक खुलासा करतो, कारण आमच्याच विश्वस्तांनी तो विचारला होता. मार्च २०२१ पासून अंगणवाड्यांची माहिती पोषण ट्रॅकर या ॲपवर भरली जाते, महिन्याचे आकडे उपलब्ध असतात, मग वेगळे मूल्यमापन कशाला? आकडे किती झाले ते सांगतात, ते संनियंत्रण होय. आकडा कसा तयार झाला आणि तो तसाच का आला, हे पाहायला कोणीतरी घरात जाऊन बसावे लागते. आमचे भेटींचे तक्ते तर हिशेबाने अगदी बरोबर होते, एकही बेरीज चुकलेली नव्हती.

स्थलांतराविषयी त्यांनी फार काही नवे सांगितले नाही. दिवाळीनंतर कुटुंबे भिवंडी-वसईकडच्या वीटभट्ट्यांवर जातात आणि होळीला परततात, हे इथल्या लहान मुलालाही ठाऊक आहे. वहीतील 'गैरहजर' या एकाच शेऱ्याचे 'आजारी', 'शेतावर' आणि 'गाव सोडून' असे तीन भाग करावेत, ही त्यांची सूचना मात्र कामाची होती आणि ती आम्ही लगेच घेतली.

आता तक्रारी. पहिली आणि सर्वांत मोठी तक्रार वेळेची आहे. क्षेत्रभेटी संपल्यावर १५ दिवसांत प्राथमिक टिपण मिळेल, असे करारात लिहिलेले होते. ते सात आठवड्यांनी आले. क्षेत्रभेटी ऑगस्टअखेर संपल्या, दरम्यान सप्टेंबरात मुलांची दुसरी तुकडी जुन्याच पद्धतीने सुरू होऊन संपलीसुद्धा, आणि आमच्या हातात कागद पडला तेव्हा लोक भट्टीवर जायच्या तयारीला लागले होते. भेटींचा तो आलेख त्यांच्या संगणकावर सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यातच तयार होता, असे नंतर बोलता बोलता कळले. 'सगळे विश्लेषण पूर्ण झाल्याशिवाय अर्धवट निष्कर्ष देत नाही' हे त्यांचे उत्तर विद्यापीठात शोभले असते. चालू कार्यक्रमाच्या मूल्यमापनाचा सगळा अर्थ काम चालू असण्यात आहे. तो आलेख त्यांनी त्याच दिवशी व्हॉट्सॲपवर पाठवला असता, तर दुसऱ्या तुकडीतील मुलांचे ते तीन आठवडे वाचले असते. या बाबतीत मी त्यांना माफ केलेले नाही.

दुसरी तक्रार भाषेची आहे, आणि तिचा किस्सा आमच्या तालुक्यात आता पसरलेला आहे. मूळ अहवाल ९० पानांचा आणि इंग्रजीत होता. मराठीत दोन पानांचा सारांश जोडला होता. तो कोणत्यातरी यंत्राकडून करून घेतलेला असावा, किंवा यंत्रासारख्या माणसाकडून. इंग्रजी परिभाषेत, काम आखल्याबरहुकूम किती झाले हे सांगणारा 'फिडेलिटी' असा एक शब्द आहे. सामान्य कोशात त्याचा अर्थ निष्ठा असा मिळतो. सारांशात छापून आले: 'अंगणवाडी स्तरावर निष्ठा ६० टक्के आढळली.' हा कागद आम्हीही नीट न वाचता सेविकांच्या मासिक बैठकीत वाटला, ही आमची चूक. दहा मिनिटे कोणी काही बोलले नाही. मग एक ज्येष्ठ सेविका उठून म्हणाल्या, "दादा, पावसात नदी ओलांडून येतो आम्ही. घरचं आजारपण बाजूला ठेवून अंगणवाडी उघडतो. आमची निष्ठा साठ टक्के कशी काय मोजली यांनी? आणि उरलेली चाळीस टक्के कुणाकडे आहे म्हणतात?"

सभेत हसूही झाले आणि दोघी-तिघींच्या डोळ्यांत पाणीही आले. 'ठरल्याप्रमाणे झालेले काम' एवढे साधे शब्द हाताशी असताना तो शब्द का वापरला, याला त्या संस्थेकडे उत्तर नव्हते. अहवालातील मूळ विधान सेविकांना दोष देणारे नव्हतेच, उलट एकटीला दोघींचे काम करावे लागते असे त्यात स्पष्ट म्हटले होते. पण ते इंग्रजीत, ४७व्या पानावर होते. ज्यांच्या कामाविषयी अहवाल आहे त्यांना तो वाचता येत नसेल, तर तो कोणासाठी लिहिला, हा प्रश्न त्या बैठकीनंतर आम्ही त्यांना लेखी विचारला आहे. तसे पाहिले तर आम्ही करार करताना अहवालाच्या भाषेचा उल्लेखच केला नव्हता, हे त्यांनी आम्हाला दाखवून दिले, आणि ते खरे होते.

तिसरी गोष्ट मसुद्यातच लक्षात आली म्हणून बाहेर गेली नाही. परिशिष्टात बारा अंगणवाड्यांची पाड्याच्या नावानिशी गुणवारी दिली होती. पाड्यावर अंगणवाडी एकच आणि सेविका एकच, म्हणजे नाव न लिहिताही ती कोण हे पर्यवेक्षिकेला पहिल्या नजरेत कळले असते. ज्या बाईने विश्वासाने आपली अडचण सांगितली तिलाच उद्या त्याबद्दल नोटीस आली असती, तर पुढच्या फेरीत कोणीही खरे बोलले नसते. आम्ही कळवल्यावर त्यांनी दोन दिवसांत पाड्यांची नावे आणि गुण दोन्ही काढून टाकले, वाद घातला नाही. पण अनुभवी संस्थेकडून हे मुळात घडायला नको होते.

खर्चाचे सांगायचे तर कार्यक्रमाच्या एकूण अंदाजपत्रकाच्या चार टक्क्यांच्या आसपास त्यांची फी होती आणि प्रवास वेगळा. आमच्यासारख्या संस्थेला ही रक्कम जाणवते. मोबदला मिळाला का, असे विचाराल तर पहिली बैठक, मापनाची कारणमीमांसा आणि भेटींचा आलेख या तीन गोष्टींनी तो मिळाला, आणि ९० पानांतील उरलेली साठेक पाने नसती तरी चालले असते. ज्यांचा कार्यक्रम अजून बसलेला नाही, माणसेच पुरती भरलेली नाहीत, त्यांनी ही सेवा इतक्या लवकर घेऊ नये. त्यांना जे सापडेल ते त्यांना आधीच माहीत असेल. ज्यांचा कार्यक्रम शेवटच्या सहा महिन्यांत आहे त्यांनीही घेऊ नये, कारण दुरुस्तीला जागाच उरलेली नसते. आणि ज्यांना देणगीदारांना दाखवायला प्रमाणपत्र हवे आहे त्यांनी तर या संस्थेच्या वाटेलाही जाऊ नये, ही मंडळी गिऱ्हाइकाला खूश ठेवण्यासाठी काही लिहीत नाहीत. आमच्या देणगीदार कंपनीला तो आलेख दाखवताना आमच्या घशाला कोरड पडली होती. त्यांनी तो शांतपणे पाहिला आणि पुढच्या तिमाहीपासून तक्त्यात भेटींच्या संख्येऐवजी दोन भेटींमधील अंतर कळवावे, असे सांगितले.

होळीनंतर लोक परतले की दुसरी फेरी करायची आहे, आणि ती याच संस्थेकडून करून घेण्याकडे आमचा कल आहे. नव्या करारात आम्ही काही कलमे घातली आहेत. महत्त्वाचे निरीक्षण हाती आले की ते अपूर्ण असले तरी तीन दिवसांत फोनवर कळवायचे. सविस्तर टिपण दहा दिवसांत द्यायचे आणि उशीर झाल्यास शेवटचा हप्ता कमी होईल. कोणताही निष्कर्ष छापण्यापूर्वी ज्या सेविका आणि गावसखींना भेटले त्यांच्या बैठकीत तो तोंडी मांडायचा आणि त्यांचे म्हणणे शेजारी नोंदवायचे. ही तिन्ही कलमे त्यांनी मान्य केली आहेत. संपूर्ण अहवाल आधी मराठीत लिहिण्याच्या चौथ्या कलमासाठी मात्र त्यांनी 'भाषांतर शुल्क' म्हणून वेगळी रक्कम मागितली आहे. मुलाखती वारली आणि मराठीत झाल्या, त्यांच्या नोंदी मराठीत आहेत, त्यामुळे भाषांतर करावे लागत असेल तर ते इंग्रजी अहवालासाठी, असे आम्ही त्यांना कळवले आहे आणि उत्तराची वाट पाहत आहोत.